नव्या टाकीआधी नवा फिल्टर

मासे वाढले, टाकी अपुरी वाटू लागली की बहुतेक घरांत खरेदीचा क्रम ठरलेला असतो. आधी काच आणि स्टँड, मग लाइट, मागे चिकटवायचं निळं पोस्टर, पोतंभर रेती, एखादं सिरॅमिकचं देऊळ, आणि एवढं करून पैसे उरलेच तर दुकानदार देईल तो फिल्टर. शनिवारी टाकी घरी येते, रविवारी सकाळी भरली जाते आणि दुपारपर्यंत मासे तिच्यात पोहायला लागतात. पाणी नितळ दिसतं, मासे मोकळे फिरतात, घरातले खूश. बुधवार-गुरुवारकडे तेच मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, कल्ले लालसर दिसतात, पर अंगाला चिकटतात, आणि ‘नवं पाणी मानवलं नाही’ असं निदान होऊन जातं. ते निदान अर्धवट आहे. या लेखाचं म्हणणं एकच आहे: मोठ्या टाकीची तयारी फिल्टरपासून सुरू करा. नवा फिल्टर सर्वांत आधी घ्या, तो महिना-दीड महिना जुन्या टाकीतच चालवा आणि त्यानंतरच मासे हलवा. काच, रेती, लाइट ही बाकीची कामं त्या मुदतीत सावकाश उरकतात.

टाकी मोठी म्हणजे पाणी जास्त, पाणी जास्त म्हणजे घाण पातळ, मग घाई केली तर बिघडलं कुठे, हा पहिला आक्षेप. वरवर तो बिनतोड वाटतो, म्हणून आकडे मांडून पाहू. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी आपल्याकडची नेहमीची टाकी घ्या. तिची मापानं क्षमता 57 लिटर. रेती आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्ष पाणी 50 लिटरच्या आसपास. तिच्यात चार मध्यम गोल्डफिश आहेत आणि त्यांना दिवसाला 2 ग्रॅम खाद्य पडतं असं धरू. मत्स्यशेतीतल्या ढोबळ हिशेबानुसार 35 टक्के प्रथिनं असलेल्या 1 ग्रॅम खाद्यामागे सुमारे 30 मिलिग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पाण्यात उतरतं, तेही बहुतांशी कल्ल्यांवाटे. म्हणजे दिवसाला 60 मिलिग्रॅम. फिल्टर काहीच करत नसेल तर जुन्या टाकीत रोज लिटरमागे 1.2 मिलिग्रॅमची भर पडेल. तेच मासे तीन फूट बाय दीड बाय दीडच्या टाकीत, म्हणजे मापानं 190 आणि प्रत्यक्षात 170 लिटर पाण्यात सोडले तर रोजची भर 0.35. आठवड्यात हा आकडा अडीचवर जातो. मोठ्या टाकीनं वेळ तिप्पट-साडेतिप्पट दिला हे खरं, पण अमोनिया संपवणारं कुणी दिलं नाही.

हा अमोनिया किती घातक ठरतो ते पाण्याच्या पीएचवर अवलंबून असतं, आणि नेमकं हेच स्थलांतराच्या वेळी दुर्लक्षिलं जातं. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक जवळजवळ निरुपद्रवी अमोनियम, दुसरा कल्ल्यांतून थेट रक्तात शिरणारा मुक्त अमोनिया. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो. पीएच 8 झाला की तोच 5 टक्क्यांच्या वर जातो, म्हणजे जवळपास दहापट. मुक्त अमोनिया लिटरमागे 0.05 मिलिग्रॅमच्या पुढे गेला की कल्ल्यांना इजा सुरू होते असं मत्स्यशेतीत मानतात. वरच्या उदाहरणातल्या मोठ्या टाकीत पीएच 8 असेल तर ही मर्यादा तिसऱ्या दिवशीच गाठली जाते. बुधवारचं गणित ते हेच. रोज पाणी बदलत राहिलं तर यातून मार्ग निघतो, नाही असं नाही. पण मग रोज निम्मं पाणी, म्हणजे पाच-सहा बादल्या, क्लोरीन काढून, महिनाभर. ज्याला जमेल त्यानं जरूर करावं. आठवडाभरात उत्साह मावळतो असाच एकंदर अनुभव आहे.

अमोनिया संपवतं कोण, या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपल्या मुद्द्याच्या अगदी जवळून जातो. 1850 साली लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी केमिकल सोसायटीपुढे एक प्रयोग मांडला. काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश, व्हॅलिस्नेरियाची रोपं आणि काही गोगलगाई. पाणी न बदलता हा संसार टिकला. वनस्पती प्राणवायू देतात, मासे तो घेतात, गोगलगाई कुजकी पानं फस्त करतात आणि तोल राहतो, हा त्यांचा निष्कर्ष. घरगुती मत्स्यालयाची कल्पना रुजली ती यातून. पण या हिशेबात एक खातेदार सुटला होता. 1877 साली फ्रान्समध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी वाळू आणि चुनखडीनं भरलेल्या उंच नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिलं. पहिले सुमारे 20 दिवस वरचा अमोनिया खाली जसाच्या तसा येत राहिला, आणि मग एकाएकी नायट्रेट दिसू लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते बंद पडलं. वाफ काढून टाकून ताज्या मातीचं धुवण घातल्यावर पुन्हा सुरू झालं. काम जिवंत जंतूंचं होतं हे त्यातून कळलं. गंमत अशी, की पुढे इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात या विषयाचा पाठपुरावा केला तो मत्स्यालयवाल्या वॉरिंग्टनांच्या चिरंजीवांनी, नावही रॉबर्टच. अमोनियाचं आधी नायट्राइट होतं आणि नायट्राइटचं नायट्रेट, ही दोन टप्प्यांची वाट त्यांच्या कामातून स्पष्ट झाली. 1890 च्या सुमारास विनोग्राडस्कींनी ते जंतू वेगळे काढले. आणि 2015 साली दोन्ही टप्पे एकहाती उरकणारा जीवाणू सापडला, तेव्हा तो ज्या ठिकाणी मिळाला त्यांत मत्स्यशेतीचा एक फिल्टरही होता.

श्लोझिंग-म्युंट्झ यांच्या नळीतले ते 20 दिवस आणि नव्या टाकीला लागणारे तीन ते सहा आठवडे ही एकाच गोष्टीची दोन मोजमापं आहेत. हे जीवाणू फार सावकाश वाढतात. दुप्पट व्हायला त्यांना साधारण दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. शिवाय ते पाण्यात तरंगत नसतात, पृष्ठभागाला धरून राहतात: स्पंजच्या छिद्रांत, सिरॅमिक रिंगांवर, थोडेफार रेतीवर आणि काचेवर. म्हणूनच ‘जुनं पाणी ओतलं की झालं’ हा सल्ला कितीही वर्षं दुकानादुकानांतून दिला जात असला तरी जीवाणूंच्या बाबतीत तो जवळजवळ निरुपयोगी आहे. जुन्या पाण्यात मुख्यतः नायट्रेट असतं. विरजण म्हणून चालतो तो जुना स्पंज, तळाचा कळकट, न धुतलेला. श्लोझिंग-म्युंट्झ यांच्या मातीच्या धुवणाचं कामही हेच होतं. टाकी बदलणाऱ्याकडे नवशिक्यापेक्षा ही एक मोठी पुंजी असते: त्याच्या घरात चालू, पिकलेला फिल्टर आधीच आहे. ती पुंजी वापरायची की नळाखाली धुऊन गटारात सोडायची, एवढंच ठरवायचं.

वापरण्याची रीत अशी. तीन फुटी टाकीसाठी जो फिल्टर लागणार आहे तो आज आणा आणि जुन्या टाकीत, जुन्या फिल्टरच्या जोडीला, चोवीस तास चालवा. स्पंज फिल्टर किंवा आत बुडणारा पॉवर फिल्टर दोन फुटी टाकीत सहज मावतो. प्रवाह जोरदार वाटला तर तोंड काचेकडे वळवा. बाहेर ठेवायचा कॅनिस्टर असेल तर त्याच्या नळ्या जुन्या टाकीत सोडता येतात, आणि तेही जमत नसेल तर नव्या रिंगा आणि स्पंजचे तुकडे जाळीच्या पिशवीत घालून जुन्या फिल्टरच्या प्रवाहासमोर ठेवले तरी काम होतं. चार ते सहा आठवड्यांत नव्या साहित्यावर तपकिरी, किंचित बुळबुळीत थर धरतो. इथे एक बारकावा आहे. जीवाणूंची एकूण संख्या त्यांना मिळणाऱ्या अमोनियावर ठरते. मासे तेवढेच, खाद्य तेवढंच; त्यामुळे दुसरा फिल्टर लावला म्हणून जीवाणू दुप्पट होत नाहीत, तेवढेच दोन घरांत विभागले जातात. म्हणून मासे हलवताना फक्त नवा फिल्टर नेऊन जुना फेकला तर फौज साधारण निम्मी होते. दोन्ही फिल्टर नव्या टाकीत न्या, निदान महिनाभर दोन्ही चालू ठेवा. याच न्यायानं आणखी एक दिलासा मिळतो: टाकी तिप्पट झाली म्हणून तिप्पट जीवाणू लागत नाहीत. मासे तेच असतील तर जुनी फौज पुरेशी आहे.

आता आक्षेप. जुन्या फिल्टरबरोबर जुने रोग नव्या टाकीत जातील, हा त्यांतला सर्वांत विचार करण्याजोगा. पण मासे तर तेच जाणार आहेत. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी असेल तर तो त्यांच्या अंगावरूनही जाईल. मासे आजारी असतील तर स्थलांतरच पुढे ढकला, आधी उपचार पुरे करा. उपचारात जंतुनाशक औषध वापरलं असेल तर फिल्टरमधले उपयोगी जीवाणूही दगावलेले असू शकतात, तेव्हा अमोनिया तपासूनच पुढे जा. दुसरा आक्षेप वनस्पतींचा, म्हणजे थोरल्या वॉरिंग्टनांचा. दाट लावलेली, जोमानं वाढणारी झाडं अमोनिया थेट शोषून घेतात हे खरं आहे. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया किंवा मुळं पाण्यात सोडलेला मनीप्लांट मदतच करतो. मात्र नव्या रेतीत कालच खोचलेली चार रोपं मुळं धरायच्या धडपडीत असतात, त्यांची अर्धी पानं आधी कुजतात आणि उलट अमोनियात भर घालतात. गोल्डफिशच्या टाकीत तर ती खाल्लीच जातात. तिसरी गोष्ट बाटलीतल्या जीवाणूंची. काही बाटल्यांत योग्य जीवाणू असतात, काहींत फक्त गाळ कुजवणारे. आणि उन्हाळ्यात टेम्पोतून, गोदामातून फिरून आलेली बाटली जिवंत आहे की नाही हे लेबलवरून कळत नाही. जुना स्पंज हाताशी असताना तो खर्च मला अनाठायी वाटतो.

काही कारणानं जुना फिल्टर उपयोगाचा नसेलच, तर मासे न घालता टाकी पिकवावी लागते. त्यासाठी अमोनिया बाहेरून द्यायचा. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर; मात्र कल्हईसाठी मिळतो तो नको, त्यात काय मिसळलं असेल सांगता येत नाही. प्रयोगशाळेला रसायनं पुरवणाऱ्या दुकानातला शुद्ध घ्यावा. 170 लिटर पाण्याला 1 ग्रॅमच्या किंचित वर घातला की लिटरमागे सुमारे 2 मिलिग्रॅम अमोनिया होतो. फिल्टर आणि एअर पंप चालू ठेवून थेंबांच्या टेस्ट किटनं तपासत राहायचं. आधी अमोनिया उतरतो आणि नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. एवढाच डोस घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. तोवर थांबायचं; तारीख किटनं ठरवायची, पंचांगानं नाही.

फिल्टर पिकत असताना काचेची कामं करा. तीन फुटी टाकी पाणी, रेती आणि स्टँडसह पावणेतीनशे किलोच्या घरात जाते. आपल्याकडे राहत्या खोल्यांच्या जमिनीसाठी चौरस मीटरला सुमारे 200 किलो वापरभार धरतात. हा आकडा अख्ख्या खोलीवर पसरलेल्या वजनाचा असल्यानं सिमेंटच्या इमारतीत घाबरण्याचं कारण नाही, पण टाकी भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवा, खोलीच्या मध्यावर किंवा बाल्कनीच्या टोकाला ठेवू नका. जुन्या वाड्यात किंवा चाळीत लाकडी तक्तपोशी असेल तर जाणत्याला दाखवल्याशिवाय टाकी भरूच नका. स्टँडवर गवंड्याची पाणसळ ठेवून पातळी बघा, टाकीखाली थर्माकोलची शीट घाला. नव्यानं चिकटवलेल्या टाकीला व्हिनेगरसारखा वास येत असतो. तो पूर्ण जाईपर्यंत पाणी भरू नका. नंतर टाकी तिच्या जागीच काठोकाठ भरून दोन दिवस ठेवा आणि सांध्यांच्या खाली वर्तमानपत्राचा कागद पसरा. ओल आली तर कागद लगेच सांगतो. डागडुजीला बाथरूमचं सिलिकॉन वापरू नका, त्यात बुरशीनाशक असतं. रेती बादलीत ढवळून पाणी निवळ येईपर्यंत धुवा. खड्यांवर लिंबू पिळून पाहा. फेस आला तर त्यांत चुना आहे आणि ते पाण्याचा जडपणा वाढवत राहतील. पांढऱ्या संगमरवरी चिपा बहुतेक वेळा याच परीक्षेत नापास होतात.

पाण्याचं प्रकरण गावोगाव वेगळं. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पाणी येतं ते मऊ. त्यात क्षार कमी, त्यामुळे पीएच धरून ठेवण्याची ताकदही कमी. बोअरचं किंवा टँकरचं पाणी बहुधा जड आणि पीएच चढा. जुन्या टाकीत मात्र महिनोन्‌महिने जीवाणूंनी क्षार खर्च केलेले असतात, त्यामुळे तिचा पीएच साडेसहाच्याही खाली घसरलेला असू शकतो. अशा पाण्यात अमोनिया निरुपद्रवी रूपात साठून राहतो आणि मासे ठणठणीत दिसतात. तेच मासे पीएच 8 च्या ताज्या पाण्यात टाकले तर धक्का दुहेरी बसतो. म्हणून स्थलांतराच्या आधीचे दोन-तीन आठवडे जुन्या टाकीतलं थोडं थोडं पाणी दर तीन-चार दिवसांनी बदलत राहा, म्हणजे दोन्ही टाक्यांचा पीएच जवळ येतो. आणि हो, जुन्या पाण्याचा खरा उपयोग इथे आहे: नव्या टाकीत एक तृतीयांश जुनं पाणी घातलं तर माशांना बदल सोसतो. जीवाणूंसाठी मात्र त्यावर विसंबू नका. पालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन अँटीक्लोरीनच्या थेंबांनी किंवा एअर पंप लावून दिवसभर ठेवल्यानं जातं. पावसाळ्यात गढूळ पाणी येतं तेव्हा क्लोरीनची मात्राही वाढलेली असते, त्या दिवसांत टाकी भरायला काढू नये. पुण्यात गुरुवार टाळलेला बरा. पाणी बंद असण्याचा वार बहुधा तोच आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला आधी गाळ येतो.

मासे हलवायच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा. त्या दिवशी वीज जाणार नाही ना याची चौकशी करा, कारण बंद पडलेल्या फिल्टरमध्ये प्राणवायू संपतो आणि महिनाभर जपलेले जीवाणू काही तासांत मरू लागतात. भारनियमन असलेल्या गावांत बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावाच. आधी मासे झाकणाच्या बादलीत जुन्या पाण्यात काढा, आणि मगच जुनी रेती उचला. तळाशी साठलेला काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा गाळ मासे आत असताना उसळला तर ते गुदमरतात. दोन्ही फिल्टर ओलेच न्या, धुऊ नका, फारच गाळ असेल तर जुन्या टाकीच्या पाण्यात एकदा पिळा. नळाच्या पाण्यात कधीही नाही. बादलीत दर दहा मिनिटांनी मगभर नवं पाणी घालत तासाभरानं मासे सोडा, लाइट बंद ठेवा. पुढचे दहा दिवस खाद्य निम्मं आणि रोज अमोनिया-नायट्राइटची तपासणी. 0.25 च्या वर काही दिसलं तर चौथा हिस्सा पाणी बदला. नायट्राइट चढलं तर लिटरमागे 1 ग्रॅम मीठ विरघळवून घाला; मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

एवढं झाल्यावर टाकी रिकामी रिकामी दिसते आणि नवे मासे आणायचा मोह होतो. दीड महिना तरी आणू नका. जीवाणूंची फौज चार माशांच्या हिशेबाची आहे, एकदम सहा मासे वाढले तर ती पुरी पडणार नाही आणि सगळी तयारी पाण्यात जाईल. आणायचे तेव्हा एका वेळी एक-दोन आणा, आणि त्यांना आधी तीन-चार आठवडे वेगळं ठेवा. त्यासाठी ती दोन फुटी टाकी विकू नका.